पत्त्याचा रकाना

घोड्याच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड, त्यावर एक कोंबडी आणि कोंबडीला खेटून सोलर पॅनेल. चालता चालता मोबाइल चार्ज होत होता. मागून मेंढरं आणि मेंढरांमागून धनगरीण ठकूबाई. हातातला अर्ज विसरून मी बघतच राहिले. ना घरभाडं, ना वीजबिल! आमच्या संघटनेच्या पत्रकांतला तो मोकळा माणूस असाच असतो का?

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. कुणा शेतकऱ्याला खतासाठी मेंढरं रानात बसवायची होती. म्हणजे मोकळ्या जगण्यालाही रेंज लागते तर.

नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन सरकारी योजनेतून फुकट व्हावं, म्हणून ठकूबाईला रेशनकार्ड हवं होतं. अर्ज मीच भरत होते.

"मावशी, पत्ता?"

"आज हितं. परवा नदीपल्याड."

"असं नाही चालत."

"मंग मेंढरांस्नी सांग, बसा एका जागी." ती हसली. "तू कुठं ऱ्हातीस गं?"

"भाड्यानं. अकरा महिन्यांनी खोली बदलते."

"मंजी तूबी हिंडतीसच की! आन् तुझ्याकडं तर मेंढरंबी न्हाईत."

मला राग आला, पण तिचा नाही, त्या रकान्याचा. हिंडणाऱ्या माणसाचे गुडघे दुखत नाहीत, असं सरकारला वाटतं का? मोकळं राहायचं आणि आजारीही पडायचं, हे दोन्ही आज कुणाला जमत असेल?

"तुझाच पत्ता लिही," म्हणत ती घोड्यामागे निघाली.

मी लिहिला. माझा करार पुढच्या महिन्यात संपतोय.