श्वासाची जागा

माझ्या मावसभावाला घरात सगळे ठोक्या म्हणतात. जेवायला बसला की ताटावर बोटं वाजवायचा, तेव्हापासूनचं नाव. पुढे त्याने पोटही त्यावरच भरलं. बारा वर्षं कॉम्प्युटरवर नाचायचं संगीत बनवलं. मैदानं भरून माणसं त्याच्या ठेक्यावर उड्या मारायची आणि हा मंचावर हेडफोन लावून घामाघूम.

सदतिसाव्या वर्षी त्याचं बिनसलं. मावशीने सहज विचारलं, "यातलं तुला स्वतःला घरी बसून ऐकावंसं कुठलं वाटतं रे?" त्याला एकही सांगता येईना. महिनाभराने त्याने जाहीर केलं, की आता बासरी, व्हायोलिन आणि चेलो अशा तीन वाद्यांसाठी लिहिणार. ठेका नाही. त्याचे कार्यक्रम ठरवणारा मॅनेजर म्हणाला, लोकांना तुला विसरायला सहा महिने पुरतील.

लिहून झालं, पण तालमीची तारीख ठरली तसं ठोक्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. तो कीबोर्डच्या पट्ट्या दाबायचा, कागद कॉम्प्युटर छापून द्यायचा. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं तेही गाडी चालवताना, समोर बघत. "ताई, तू नुसती येऊन बस तिथे," म्हणाला.

तालीम एका शाळेच्या रिकाम्या वर्गात होती. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्यावर बासरीवाल्या बाई थांबल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी विचारलं, "इथे श्वास कुठे घ्यायचा?"

ठोक्याने कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. कॉम्प्युटरमधली बासरी कधी दमत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. व्हायोलिनवाल्याने घड्याळ पाहिलं.

"मला हे वाचता येत नाही," ठोक्या शेवटी म्हणाला.

कुणी हसलं नाही. मग बाईंनी त्याला ती ओळ गाऊन दाखवायला सांगितली. त्याचा आवाज फाटका. लाजत लाजत गायला आणि अर्ध्यात दम लागून थांबला. बाईंनी तिथेच पेन्सिलीने खूण केली. पुढचं म्हणा, म्हणाल्या. दोन तासांत सगळे कागद खुणांनी भरले.

कार्यक्रम रविवारी दुपारी, ग्रंथालयाच्या सभागृहात. साठेक माणसं, त्यातली निम्मी त्याची जुनी नाचणारी मंडळी. ठोक्या आत बसेना. बाहेर जिन्यात मी त्याच्याजवळ उभी होते. मध्येच आत कुणीतरी ठेका कधी येणार म्हणून ओरडलं. दोन-चार जण हसले, खुर्च्या सरकल्या, सहा जण आमच्यासमोरून जिना उतरून गेले. एकाने त्याला ओळखलं आणि मान खाली घातली. तेवढ्यात चेलोवाला चुकला आणि सगळंच थांबलं.

"संपलं," ठोक्या म्हणाला.

आतून बाईंचा आवाज आला, की चूक आमची आहे, पुन्हा पहिल्यापासून वाजवतो. आणि वाजवलं, शेवटपर्यंत. ठोक्या दार ढकलून आत गेला, भिंतीला टेकून उभा राहिला. टाळ्या बेताच्याच पडल्या. उरलेली माणसं मात्र लगेच उठली नाहीत.

मॅनेजरने दुसरा कुणी गाठला. ठोक्या आता जाहिरातींच्या धुना करून घर चालवतो आणि मंगळवारी बाईंकडे नोटेशन शिकतो. व्हायोला हे चौथं वाद्य घेऊन त्याने नवीन लिहायला घेतलंय. परवा फोन आला, तर आवाज अगदी बारीक. व्हायोलावाली फार प्रश्न विचारते म्हणे. मी तालमीची तारीख विचारली आणि त्या दिवशीची रजा टाकली.