आईनं दिलेली सब्बल

माझ्या भावाचा सत्कार करायचं गावानं ठरवलं, हे कळल्यावर मला आधी हसू आलं आणि मग किळस. त्यानं खून केला नव्हता, हे नागपूरच्या हायकोर्टानं सांगितलं तेव्हा कुठे गावाला समजलं. तोवर आमच्या अंगणासमोरून जाताना माना वळवणारे आता शाल-नारळ घेऊन उभे राहणार होते. बैल गेला नि झोपा केला, आणि तोही लाउडस्पीकर लावून. मुहूर्त निवडला होता संविधान दिनाचा. मी सासरहून, सौंदडहून, पहिल्या गाडीनं माहेरी आले.

भाऊ राइसमिलमध्ये हमाल होता. एका पावसाळ्यात मिलमध्ये चोरी झाली आणि रखवालदाराच्या डोक्यात काहीतरी लोखंडी घालून चोरांनी त्याला मारलं. त्याच आठवड्यात भावाचं सेठशी वाजलं होतं, तेवढं पोलिसांना पुरलं. अटक झालेल्याला वकील मागता येतो, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, हे आम्ही लहानपणी विहारात बसून शिकलेलो. भावानं ठाण्यात ते बोलूनही दाखवलं. तू मोठा आमदार लागून गेलास काय, असं म्हणत त्यांनी त्याला तुडवला. पहिला वकील त्याला भेटला तो कोर्टाच्या व्हरांड्यात, आणि त्यानंही भावाकडे बघण्याआधी घड्याळ पाहिलं.

मारून घेतलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे पोलिसांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण आरोपीनं दाखवलेल्या जागेतून एखादी वस्तू निघाली, तर ती मात्र टिकते. त्यामुळे त्यांना एक वस्तू हवी होती. ती माझ्या आईनं दिली.

झाडाझडती घेऊन परत निघालेली जीप आमच्या घरामागच्या धानाच्या बांधीपाशी चिखलात रुतली. भाऊ तेव्हा ठाण्यात कोठडीत होता, तो जीपमध्ये नव्हताच. आईनं आलेल्या सगळ्यांना चहा पाजला आणि चाक उचलायला घरातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, दिली. आपण त्यांच्याशी बरं वागलो तर तेही पोराशी बरं वागतील, असं तिला वाटलं. पोलिसांबरोबर पंच म्हणून आलेला किराणा दुकानदार आमच्याच गल्लीतला, आम्ही त्याला काका म्हणायचो. चाकाखाली सब्बल घातली ती त्यानंच. जीप निघाली आणि सब्बलही तिच्यासोबत गेली. तेवढी वापस आणून द्या, असं आईनं काकालाच सांगितलं होतं.

पुढे कोर्टात आम्हाला नवीनच माहिती मिळाली. ती सब्बल म्हणे भावानं पोलिसांना घरी नेऊन आमच्या धानाच्या तणसाच्या ढिगातून स्वतः काढून दिली होती. काकानं हे शपथेवर सांगितलं आणि त्याच्या तोंडावरची माशीही हलली नाही. हा माणूस म्हणजे ठाण्याचा घरचा पंच. दारू पकडा, जुगार पकडा, सही याचीच. बदल्यात काय, तर साहेब जाता-येता दुकानासमोर गाडी थांबवून त्याला नमस्कार करायचे. तेवढ्या नमस्कारासाठी त्यानं माझा भाऊ विकला. आई साक्षीला उभी राहिली तेव्हा सरकारी वकील हसले आणि म्हणाले, आई आहे, असंच सांगणार. न्यायाधीशांनी तेच जरा बऱ्या भाषेत निकालात लिहिलं. भावाला जन्मठेप झाली.

हायकोर्टात नव्या वकिलानं एकच मुद्दा धरून ठेवला. सब्बलीवर रक्ताचा ठिपका नव्हता, पण अर्ध्यापर्यंत चिखल होता. कोरड्या तणसात लपवलेल्या सब्बलीला बांधीतला चिखल कुठून लागला, याचं उत्तर सरकारजवळ नव्हतं. भाऊ सुटला. तोवर त्याचे केस पांढरे झाले होते, आणि आई अशी झाली होती की शेजारीण विळा मागायला आली तरी दार लावून घ्यायची. मी तिला निकाल वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकला.

"कागद घेऊन मी काय करू? थ्या माणसानं एक डाव साऱ्याइसमोर म्हणावं, सब्बल बाईनं देल्ली म्हून," ती म्हणाली.

सत्काराला सारा गाव जमणार होता, काकाही येणार होता, म्हणून भाऊ हो म्हणाला. नाहीतर त्या शालीला मी चुलीत घातलं असतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी सत्कार समितीतले एक गृहस्थ दारात आले. मंडपाच्या खांबासाठी खड्डे खणायचे होते, सब्बल आहे का म्हणून विचारत होते. लाज कोळून प्यालेल्या माणसांनाच असं सुचतं. आमची सब्बल कोर्टात जमा आहे, असं आईनं त्यांना सांगितलं आणि ते मान डोलवत पुढच्या घरी गेले.

कार्यक्रमात सगळ्यांनी उभं राहून संविधानाची उद्देशिका वाचली. काकाचा आवाज सर्वांत मोठा होता. न्याय हा शब्द तर त्यानं असा म्हटला, जणू त्याच्या दुकानात किलोवर मिळतो. मग सरपंचांनी भाषण केलं, न्यायदेवतेचे आभार मानले, आणि समितीचे ज्येष्ठ सदस्य म्हणून शाल पांघरायला काकालाच पुढे बोलावलं. भाऊ एक पाऊल मागे सरला. त्यानं माइक हातात घेतला.

"काका, शाल मंग. पयले सांगा, सब्बल माह्या आईनं देल्ली का म्या तणसातून काढली?"

काका शालीची घडी उलगडत राहिला. बायकांच्या रांगेत आई उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. सरपंच हळूच म्हणाले की जुन्या गोष्टी कशाला, चांगला दिवस आहे. मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारा माणूस आहे, सोडा त्याला. काका मात्र बोलला नाही. हो नाही, की नाही नाही. सारा गाव त्याच्या तोंडाकडे पाहत होता आणि त्याला शालीची दोन टोकं जुळवता येत नव्हती.

भावानं माइक तोंडाजवळ नेला.

"राहू द्या. आरोपीले चूप राहाचा हक्क राहते."