कानातला माग

भवानी पेठेत आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग होते. तिथे ज्याला ठकठक ऐकू येत नसे, त्यालाच डॉक्टरकडे नेत. त्यामुळे सासूबाई कानात ठकठक होते म्हणाल्या, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. शेजारणींनी लसणाचं तेल, ओव्याची धुरी आणि अंगारा सुचवला. मी सगळं क्रमाने उरकलं.

एका सुटीला पेठेतले सगळे माग बंद असताना सासूबाईंनी विचारलं, “आज कुणाचा माग चालू हाय गं?”

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना इस्पितळात नेलं. कानाच्या पडद्यामागे लाल गाठ दिसली. तरुण डॉक्टर तपासणीसाठी तिचा तुकडा काढायला निघाले, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्यांचा हात धरला.

“ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे, म्हणून नाडीबरोबर वाजते. टोचलीत तर रक्त आवरणार नाही.”

पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया केली. त्या कानाचं ऐकणं गेलं, पण जीव वाचला. शेजारणींनी श्रेय लसणाला दिलं.

पुढच्या सुटीला सासूबाईंनी विचारलं, “आज समदे माग बंद हायत नव्हं?”

“बंद आहेत.”

“मग बरोबर,” म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.