नवसाच्या चिंध्या आणि ओढ्याचा पूर

कोथरूडला आमच्या सोसायटीमागून टेकडीवरचा ओढा वाहतो. वाहतो म्हणजे, वर्षातले बरेच महिने त्यात पाण्यापेक्षा प्लास्टिकच जास्त. समितीने ठरवलं, त्यावर स्लॅब टाकून पार्किंग करायचं आणि पाण्यासाठी खालून दोन पाइप सोडायचे. पाइप तुंबले की पाणी मागे फुगणार आणि आधी शिरणार ते तळमजल्यावर, माझ्या वहिनींच्या घरात. दादा गेल्यापासून त्या तिथे एकट्याच राहतात. घरात पाण्याचा इंजिनिअर मी, म्हणून मोठ्यात मोठ्या पुराचा अंदाज काढायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, हे ओघाने आलंच.

या ओढ्याचं पाणी कुणी कधी मोजलेलं नाही. जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी जेमतेम चौदा वर्षांच्या, त्यातही ऐन पावसाळ्याचे महिने गायब. अशा वेळी आम्ही जुन्या पुराच्या खुणा शोधतो. पाणी कुठवर चढलं होतं ते कळलं की ओढ्याची रुंदी आणि उतार धरून किती आलं असेल ते काढता येतं. मला काठच्या बाभळीवर, डोक्याच्या उंचीला, अडकलेल्या चिंध्या दिसल्या. हरखलोच. टेप लावली, फोटो काढले, रंगीत अहवाल करून घरोघरी वाटला.

सभेत अध्यक्षांनी तो दोन बोटांत धरला. "शंभर वर्षांतून एकदा पूर येणार म्हणता. मग उरलेली नव्व्याण्णव वर्षं गाड्या कुठे लावायच्या, तेही लिहायचं होतंत!"

तेवढ्यात मागून एक आजोबा उठले. ही सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी आहे.

"सायेब, त्या चिंध्या नवसाच्या हायती. माझ्या सुनंनं बी एक बांधलीया."

हॉलभर हसू फुटलं. हशा ओसरल्यावर मी विचारलं, "मग पाणी कुठवर आलं होतं?"

"माझ्या लहानपणी? त्या बाभळीच्या वरल्या चढावर म्हसोबाचा दगड हाय न्हवं, त्यो बुडाला व्हता."

म्हणजे माझ्या आकड्याच्याही वर! मी तावातावाने ते सांगू लागलो.

"आधी चिंध्या, आता देव," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या सभेला कुंडली घेऊन या आपण. स्लॅब हवा त्यांनी हात वर करा, मंडळी."

एकूण एक हात वर गेले. वहिनींचासुद्धा.

जिन्यापाशी मी त्यांना गाठलं. "वहिनी, तुम्हीपण?"

"मग काय करू? आठ दिवस सगळे माझ्या घराला बुडतं घर म्हणतायत. दूधवालापण विचारतो, कधी निघताय? तुमच्या त्या रंगीत कागदामुळे!" त्या कुलूप उघडून आत गेल्या. दार लावता लावता थांबल्या.

"भाऊजी, खरंच किती येईल?"

"कमरेपर्यंत."

"कुणाच्या? तुमच्या की माझ्या?"

मी सहा फुटी. त्या माझ्या खांद्यालाही लागत नाहीत.

"माझ्या," मी म्हणालो.

त्यांनी दार पुन्हा उघडलं, आणि मागे वळून जमिनीलगतच्या दिवाणाकडे बघत राहिल्या.