चौदा नंबरची बाटली

याप कोन फाची जीभ सत्तावीस वर्षं कॉफीच्या भट्टीवर नोकरीला होती आणि बाकीचा कोन फा तिच्या मागोमाग कामाला जायचा, असं त्याची बायको सिउ फूंग म्हणत असे. दुपारपर्यंत मिरची नाही, पाणी कोमट, सिगारेट संध्याकाळी पाचनंतरच. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्याची कॉफी तो चमच्यानं आवाज करत ओढायचा आणि दाण्यांबरोबर भाजलेली साखर जास्त जळली आहे का मार्जरीन जुनं होतं, ते तिथल्या तिथे सांगायचा. मालक वारल्यावर मुलांनी भट्टी विकली. नव्या मालकानं यंत्र आणलं आणि छप्पन्नाव्या वर्षी कोन फा घरी बसला. शाळा सहावीपर्यंत झालेली. चव घेण्याखेरीज दुसरं काही त्याला येत नव्हतं.

त्याच्या आणि माझ्या घराची मागची दारं मलेशियातल्या इपोहच्या एकाच अरुंद गल्लीत उघडतात. माझे यजमान गेल्यानंतर दुपारची मी बऱ्याचदा त्यांच्या स्वयंपाकघरात बसायची. डॉक्टरांनी सिगारेट सोडायला लावली आणि कोन फानं व्हेप, रसाची वाफ ओढायचं यंत्र, घेतलं, तेही मी तिथेच पाहिलं. दुकानातल्या रसाचा पहिलाच झुरका घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं.

"हे काय, पोरांचं खोकल्याचं औषध? असलं ओढण्यापेक्षा मेलेलं बरं."

"मग स्वतः कर की," सिउ फूंग म्हणाली. "दिवसभर माझ्या रश्श्यात खोट काढत बसतोस, त्यापेक्षा ते बरं."

तिनं थट्टा केली होती, पण त्यानं ती मनावर घेतली. ग्लिसरीन आलं, दुसरा एक पातळ द्राव आला, अर्कांच्या बोटाएवढ्या बाटल्या आल्या. थेंब मोजून टाकायचे, बाटली हलवायची आणि अंधाऱ्या कपाटात तीन आठवडे मुरू द्यायची. त्यासाठी सिउ फूंगला सुक्या मासळीचं कपाट रिकामं करावं लागलं. ते ती पुढे दोन वर्षं बोलून दाखवत होती.

माझ्याकडे चिठ्ठ्या लिहिण्याचं काम आलं. नन्सनी छड्या मारून वळवलेलं माझं अक्षर अजून सरळ आहे. बाटलीचा नंबर, तारीख, कशाचे किती थेंब. चव घेताना त्याला लिहिता येत नसे. तो डोळे मिटून बोलायचा आणि कुठल्या झुरक्याला काय लागलं ते मी माझ्या डायरीतच टिपून घ्यायची.

चौदा नंबर जमला तो आठ जून २०१७ ला. पानदान या सुवासिक पानाच्या अर्काचे सहा थेंब, नारळाचे चार, भाजक्या कॉफीचे दोन. पहिल्या झुरक्याला नुसतं पानदान. तिसऱ्याला नारळ. पाचव्याला, कोणाची अपेक्षा नसताना, कॉफी. गल्लीतल्या ज्यांनी ज्यांनी ओढून पाहिलं त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली, आत थर आहेत का म्हणून. मीही विचारलं.

"रस बदलत नाही, आंटी," कोन फा म्हणाला. "जीभ थकते. पानदान मोठ्यानं ओरडतं, चार झुरक्यांत जीभ त्याला कंटाळते. मग मागे गप्प उभा असतो त्याचा आवाज येतो. मी फक्त कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवतो."

तायपिंगहून रिदवान नावाचा एक दुकानदार आला. तिशीचा असेल. खुर्चीत बसून त्यानं सहा झुरके घेतले, सातवा घेतला आणि म्हणाला, "अंकल, हे आजपासून माझ्याच दुकानात." मग दर महिन्याला तो यायचा, कपाटातला माल न्यायचा आणि नवीन काही असलं तर तेही. कोन फा पुन्हा दुपारपर्यंत मिरची टाळू लागला. सिउ फूंगनं त्याबद्दल एकदाही टोमणा मारला नाही.

दीड वर्षानं, फेब्रुवारीत, रिदवान भरलेल्या अकरा बाटल्या परत घेऊन आला.

"रागावू नका, अंकल. गिऱ्हाइकांचं डोकं दुखतंय. एक जण म्हणाला, न्हाणीघर धुवायचं औषध आहे का हे. चव बदलतच नाही. पानदान, पानदान, नुसतं पानदान."

"त्यांच्या व्हेपमधल्या कॉइल जळल्या असतील."

"सगळ्यांच्या?"

"कापूस बदलायला सांग. आणि हा अर्कवाला चोर आहे, पाणी घालतो. उलट पानदान कमी लागतंय मला."

रिदवाननं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. जाताना तो दारात म्हणाला, "हरी रायाच्या ईदआधी मला पहिल्यासारखा चौदा हवा, अंकल. नाहीतर दुसरीकडे करून घ्यावा लागेल. मला आवडणार नाही, पण काय करू?"

त्या संध्याकाळी मी डायऱ्या काढल्या. जून सतरामध्ये पानदान सहा थेंब. नाताळात आठ. पुढच्या मेमध्ये अकरा. शेवटच्या खेपेला सतरा. प्रत्येक वेळी शेजारी माझ्याच अक्षरात: "अर्क हलका आहे म्हणतो." मधल्या काळात त्यानं तीन अर्कवाले बदलले होते. आणि एकतीस, छत्तीस, चाळीस अशा अगदी निराळ्या नंबरांपुढे मी एकच वाक्य लिहिलं होतं: आधी काही नाही, मग थोडं गोड, मग कडू. लीचीलाही तेच, तंबाखूलाही तेच. लिहिताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी सुवाच्य लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सिउ फूंगला सांगितलं, तर ती भाजी निवडतच राहिली.

"मला वर्ष झालं कळून," ती म्हणाली. "भातावर सोया सॉस ओततो, दिसत नाही का तुम्हाला? परवा दूध नासलं होतं, पूर्ण प्यायला. मी काय सांगू, आंटी? त्याच्याकडे तेवढंच तर आहे."

आणखी तीन दिवस त्याला न सांगता आम्ही दोघी तशाच गेलो-आलो. मी थकले होते आणि तीही.

शेवटी विषय त्यानंच काढला. भट्टीवर एक रीत होती. चिनी नववर्षाची सुट्टी संपली की पहिल्या सकाळी चव घेणाऱ्यांना पाठ फिरवायला लावून तीन पेले ठेवायचे, दोन सारखे, एक निराळा. निराळा ओळखायचा, तीनदा. दोनदा चुकला तो त्या वर्षी चमचा धरायचा नाही, पोती मोजायला जायचा. सत्तावीस वर्षांत कोन फा एकदाही चुकला नव्हता.

"लाव तीन पेले," तो बायकोला म्हणाला.

"या वयात कसल्या परीक्षा? नववर्ष होऊन महिना झाला."

"लाव म्हणतो ना. आणि आंटी, तुम्ही लिहा."

सिउ फूंगनं दोन पेल्यांत रोजची कॉफी ओतली, एकात जास्त भाजलेली. इतकी काळी की मला नुसत्या वासानं कळत होती. कोन फा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग वळला, बसला, कोमट पाण्यानं चूळ भरली, डोळे मिटले आणि चमच्यानं आवाज करत ओढली. तो आवाज अगदी पूर्वीसारखाच होता.

"मधला."

डावा होता. सिउ फूंग म्हणाली, "बरोबर."

दुसऱ्यांदा त्यानं जास्त वेळ घेतला. परत परत ओढली. "उजवा."

मधला होता. "बरोबर," ती म्हणाली. तिचा आवाज चांगला होता, मीही फसले असते. "झालं ना समाधान? आता ऊठ, माझे पेले अडकलेत."

कोन फानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं माझ्या पेनाकडे पाहिलं. बासष्ट वर्षं मी डायरी लिहिते आहे. नवऱ्याशी भांडण झालं त्या दिवशी भांडण लिहिलं, तो गेला त्या दिवशी वेळ लिहिली. माझा हात बरोबरची खूण करायला गेला आणि तिथेच थांबला. मग मी फुली मारली. तिच्याखाली दुसरी. वही त्याच्याकडे फिरवली.

"आंटी!" सिउ फूंग ओरडली. "काय मिळालं तुम्हाला?"

"काही नाही," मी म्हटलं. खरंच काही नव्हतं मिळालं.

कोन फानं दोन्ही फुल्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आंटींना ओरडू नकोस. मीच लिहायला सांगितलं होतं." माझ्याकडे वळून विचारलं, "पहिल्या चौदात पानदान किती होतं?"

"सहा."

"आणि आता?"

"सतरा."

"अरे देवा," तो म्हणाला. "ती बिचारी माणसं." आणि त्याला हसू आलं, ते खोकल्यात संपलं.

त्याच दुपारी त्यानं नवा चौदा नंबर केला, चव न घेता, मी वाचून दाखवलं तसा. पानदानचे सहा थेंब पडल्यावर हात बाटलीवर तसाच राहिला. सातवा थेंब टोकाशी लोंबत होता. सिउ फूंगनं झाकण पुढे केलं. त्यानं ते लावलं.

तीन आठवड्यांनी रिदवान आला आणि त्याच खुर्चीत बसला. कोन फानं स्वतः ओढलं नाही. समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पानदान," रिदवान म्हणाला. थोड्या वेळानं, "हां, नारळ." मग तो खुर्चीत सरळ झाला. "आली! अंकल, कॉफी आली. हाच, हाच तो."

"चौथ्याला की पाचव्याला?"

"पाचव्याला."

"कशी आहे? साखर जळलेली वाटते की नुसती भाजलेली?"

"मला काय कळतंय, अंकल? कॉफी म्हणजे कॉफी."

"नीट बघ. जिभेच्या मागे की कडेला?"

रिदवाननं आणखी एक झुरका घेतला आणि बिचारा खरंच विचार करू लागला. "कडेला," तो म्हणाला. "आणि थोडी मागे. जळलेली नाही."

कोन फानं डोळे मिटले आणि मान हलवली. "बरोबर," तो म्हणाला.

आता चौदा नंबर कागदावरून सिउ फूंग करते. थेंब ती मोठ्यानं मोजते. कोन फा बाटल्या हलवतो, कपाटात लावतो, आणि सकाळच्या न्याहारीलाच हिरवी मिरची मागून घेतो. नवीन कृती त्यानं त्यानंतर केली नाही. माझ्या डायरीत चाळीसच्या पुढचा नंबर नाही.