सुधामावशीचा टॉर्क रेंच

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर हसत आले. महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

माझी सुधामावशी लग्नाआधी बंगळुरूला, अवकाश दुर्बीण बनवणाऱ्या टीममध्ये इंजिनिअर होती. आरशाची चौकट बसवायचं काम. तिथल्या आठवणी तिने संत तुकाराम नगरच्या फ्लॅटमध्ये एका पेटीत जपल्या होत्या – ओळखपत्र, सगळ्यांच्या सह्या असलेला टीमचा फ्रेम केलेला फोटो आणि तिचा टॉर्क रेंच. ठरवलेला जोर लागला की 'टक' वाजणारा पाना.

मावशी गेल्या वर्षी गेली. पेटी मला द्यायची, असं तिने लिहून ठेवलं होतं. तेराव्यानंतरच्या रविवारी दुपारी मी ती न्यायला गेले, तर काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, पेटी हॉलमध्ये उपडी केलेली. हातात हातोडी.

"या भंगारापायी तिचं घरात कधी लक्ष लागलं नाही," म्हणत त्यांनी फोटोवर घाव घातला. उडालेल्या काचेने माझा गाल कापला.

"काका, ठेवा ती हातोडी. मी घेऊन जाते सगळं."

"तूपण तिच्यासारखीच बोलतेस."

त्यांनी माझे केस धरले, मला भिंतीवर आपटलं आणि हातोडी उगारली.

तेवढ्यात 'टक' वाजलं. पाना चार हात लांब, फरशीवर तसाच पडलेला होता... पण काकांचं उगारलेलं मनगट फिरायला लागलं. सावकाश, कुणीतरी बोल्ट आवळावा तसं. हातोडी गळून पडली. पुन्हा टक. ते किंचाळत होते, मनगट फिरतच होतं... तिसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज आला आणि सगळं थांबलं. मी त्यांना हातही लावला नव्हता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "हात कुणी पिरगाळला?"

काका माझं नाव घेणार, याची मला खात्री होती. ते छताकडे बघत म्हणाले, "कुणी नाही. बाथरूममध्ये पडलो."

पुढच्या आठवड्यात पेटीबरोबर घरी आणलेले मावशीचे कागद आवरताना तिच्या उपचारांच्या फायली सापडल्या. बरगडी. खांदा. दोनदा मनगट. प्रत्येक कागदावर कारण एकच – बाथरूममध्ये पडल्या.

दर दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे जेवायला जायचो. एका वर्षी मावशीने सगळ्यांना डाव्या हाताने वाढलं होतं, आणि आम्ही हसत जेवलो होतो. काकांचं मनगट कसं मोडलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही... आम्हाला तेव्हा काहीच कसं दिसलं नाही, याचंही नाही.