चालती पात

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि वेचणीची बोलावणीही कमी झाली होती. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात जुनं सरकारी गोदाम पाडलं, तेव्हा मलबा फोडायला चाकांवरचं क्रशर आलं. पोकलेन विटा आणि काँक्रीटचे तुकडे त्यात टाकायचं, मशीन ते फोडायचं आणि पट्ट्यावरून गिट्टी बाहेर यायची. ही गिट्टी आमच्या बौद्ध वस्तीच्या रस्त्यात पडणार होती. पावसाळ्यात तिथल्या चिखलात ऑटो शिरत नसे. माझ्या जावेला कळा सुरू झाल्या, तेव्हा खाटेवर घालून डांबरीपर्यंत न्यावं लागलं होतं. म्हणून त्या गिट्टीवर आमचा भारी जीव.

पण पहिल्या ढिगात लाकडाच्या ढलप्या, चिंध्या, वायरी निघाल्या. इंजिनीअर साहेबांनी सांगितलं, दुसरा ढीगही असाच असला तर माल खड्डे बुजवायला जाईल, रस्त्याचं पुढच्या वर्षी बघू. त्यांचं पुढचं वर्ष आम्ही लग्न होऊन आल्यापासून ऐकत होतो. सासूने ठेकेदाराला गाठलं आणि कचरा वेचायला आम्ही बाया येतो म्हणून सांगून टाकलं.

कमरेला ओटी बांधून आठ जणी पट्ट्याच्या एका बाजूला उभ्या राहिलो. मशीनवाल्याने पट्टा हळू केला आणि आमची फजिती झाली. शेतात कापसाची पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, जागेवर असते, चालायचं आपण. हात वेचू लागले की पाय आपोआप पुढे. थोड्याच वेळात आठही जणी पट्ट्याच्या टोकाला एकमेकींवर आदळलो. मशीनवाला पोट धरून हसला. मी त्याला सुनावलं, एक दिवस आमच्याबरोबर पातीला लागून दाखव. मग माझंही हसू आवरेना.

सासू हसली नाही. तिने एकेकीला खांद्याला धरून जागेवर उभं केलं.

‘‘आपण उभं राहाचं. इथं पात चालून राह्यली.’’

एकीने लाकूड उचलायचं, दुसरीने चिंध्या, तिसरीने वायरी, असं तिनेच वाटून दिलं. तोंडाला पदर बांधून आम्ही तीन दिवस वेचलं. दुधाने तोंड पोळलं होतं, तेव्हा ताकही फुंकून प्यायचो. संध्याकाळी ढिगावर पुन्हा हात फिरवायचो.

साहेब आले. त्यांनी चार-पाच ठिकाणी ढीग उकरला, मूठभर माल उचलून उन्हात धरला. मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. शेवटी हात झटकून ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, भरा. मला रडू आलं आणि त्याची लाज वाटली नाही.

पुढच्या पावसाळ्यात, झड लागलेली असताना, सासू आणि मी बाजारातून परतत होतो. वस्तीच्या रस्त्याला लागताच मी सवयीने चपला काढून हातात घेतल्या.

‘‘काहून काढल्या वं?’’ सासू मागून म्हणाली. ‘‘घाल पायात. आता कुठी हाय चिखल?’’

मी वळून पाहिलं. तिच्याही चपला हातातच होत्या.